बिनआवाजाचं कार्टून

माझा मोबाईल खिचडीच्या पातेल्यात पडला नसता, तर चौतीस वर्षांपूर्वी मी भावाशी जे खोटं बोलले ते मरेपर्यंत कुणाला सांगितलं नसतं. त्याला तर नाहीच नाही.

आधी भाऊ कोण ते सांगते. माझा थोरला भाऊ. मी त्याला भाऊ म्हणून हाक मारते आणि तो वळून बघत नाही, कारण त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. गाव त्याला मुका म्हणतं. मला त्या शब्दाचा लई राग येतो. अहो, त्याच्याइतकी कटकट अख्ख्या चौसाळ्यात कुणी करत नसेल, फक्त तो ती हातांनी करतो. भाजीत मीठ कमी पडलं तर जेवण संपेपर्यंत त्याचे हात चालू असतात. हायवेच्या कडेला त्याचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरची मोटार बिघडली की लोक पार मांजरसुंब्याहून त्याच्याकडं आणून टाकतात. तो मोटारीवर तळहात ठेवतो, डोळे मिटतो, आणि बेअरिंग गेलंय की वायंडिंग ते बोटानं दाखवतो. कान असलेले मिस्त्री चुकतात, हा चुकत नाही.

मी अंगणवाडी सेविका. नवरा लग्नानंतर नऊ वर्षांनी गेला, मूल नव्हतं, तेव्हापासून भावाजवळच राहते. दिवसभर पोरांशी तोंड चालवायचं आणि घरी आलं की हात. बस, ऊठ, नाक पूस, तिला चावू नको. मग सरकारी मोबाईलवर वजनं भरा, उंच्या भरा, फोटो टाका, रेंज नाही म्हणून गच्चीवर जाऊन टाका. घरी पाय टेकला की भाऊ दारातच हात हलवत उभा असतो, आज कोण आलं, कोण काय म्हणालं, मघाशी ते दोघं रस्त्यात का भांडत होते. मला बसूही देत नाही. कधीकधी वाटतं, हात काढून खुंटीला टांगावेत आणि गप्प पडावं.

आमच्या खुणा कुठल्या शाळेत शिकलेल्या नाहीत, घरातच झाल्या. मिशीला पीळ दिला की आमचे आबा. डोक्यावर पदर ओढल्यासारखं केलं की माय. वेणी ओढल्यासारखं केलं की मी. आता माझ्या डोक्यावर वेणीपुरते केसही उरले नाहीत, खूण मात्र तीच. आणि एक खूण मी स्वतः काढली. हात खांद्यावरून मागं झटकायचा. म्हणजे ‘मागून सांगते.’ टीव्हीवर सगळे हसत असले, पाहुणे बोलत असले, लग्नाच्या मांडवात कुणी काही गंमत केली, की भाऊ माझा दंड हलवून विचारायचा, काय झालं? मी हात मागं झटकायचे. एक वाक्य सांगेपर्यंत पुढची चार वाक्यं निघून जातात, मलाही तेवढ्यात हसायचं असतं. ते ‘मागून’ कधी आलंच नाही. त्यालाही ते माहीत होतं, तरी प्रत्येक वेळी तो मान हलवून गप्प बसायचा.

आता ते खोटं. मी एकोणीस वर्षांची होते, भाऊ पंचवीसचा. कडा गावाजवळच्या एका वस्तीवर मुलगी बघायला गेलो. भाऊ, आबा, माय आणि मी, कारण भावाचं तोंड म्हणजे मी. मुलीच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. पोह्याच्या रिकाम्या ताटल्या घेऊन मी आत गेले, तेव्हा चुलीजवळ तिनं मला हळूच विचारलं, “ताई, हसले का आवाज येतो का वो त्येंचा?” असला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. म्हटलं, “येतो की. चांगला मोठा येतो.” ती म्हणाली, “मग बरं हाय. घर गप्प असलं की मला भ्या वाटतं.” बाहेर आल्यावर तिच्या मामानं रिवाज सोडून तिला सगळ्यांसमोर विचारलं, “पोरी, तुला पसंत हाय का? उद्या आमच्यावर बोल नको.” तिनं मान डोलावली. मग मामानं अट घातली, जावयानं इकडंच राहावं, साखर कारखान्यामुळं मोटारींचं काम भरपूर आहे, दुकान टाकून देतो.

आबांनी तिथं ‘कळवतो’ म्हटलं आणि एसटीच्या फाट्यावर आल्यावर मला बाजूला घेतलं. “त्याला सांग, पोरीनं न्हाई म्हणलं.”

“कावून आबा? तिनं तर...”

“तो तिकडं गेला तर घर कशावर चालायचं? तुझं लगीन कशावर करायचं?”

माझं लग्न मध्ये आलं आणि माझं तोंड बंद झालं. भाऊ समोर उभा होता, नवा शर्ट घातलेला, हातानं विचारत होता, काय ठरलं? मी हनुवटीवर तीनदा बोट टेकवलं, म्हणजे ती मुलगी, आणि मान आडवी हलवली. त्यानं विचारलं, का? ह्याचं उत्तर आबांनी शिकवलं नव्हतं. मी माझ्या कानाला हात लावला आणि तो आडवा फिरवला. ऐकू येत नाही म्हणून. हे कानाचं मी माझ्या मनानं जोडलं. आबा गेले, माय गेली, त्यांचं जे काय असेल ते त्यांच्यासोबत गेलं, पण हे माझंच राहिलं. त्यानंतर भाऊ कुठलीच मुलगी बघायला गेला नाही. कुणी स्थळ सांगत आलं की हात जोडून दुकानात निघून जायचा. माझं लग्न त्याच्या कमाईवर झालं, थाटात झालं, आणि नऊ वर्षांनी मी पुन्हा त्याच्याच घरात ताट घेऊन बसले. हे सगळं मला रोज आठवायचं असं नाही. पण तो जेवताना समोर बसला की मी उगाच उठून त्याला वाढायचे कधीकधी.

तर तो मोबाईल. पोरांची खिचडी ढवळता ढवळता फोटो काढायला गेले आणि पातेल्यात पडला. पुसला, उन्हात ठेवला, तांदळात पुरला. बाकी सगळं चालू झालं, स्पीकर मात्र गेला तो गेलाच. पोरं म्हणजे गाणं लावल्याशिवाय गप्प बसत नाहीत. मी वैतागून शोधायला लागले, आवाजाशिवाय बघता येईल असं काही मिळतंय का. शोधता शोधता ती जुनी कार्टूनं सापडली. काळी-पांढरी, शंभर वर्षांपूर्वीची म्हणे. तेव्हा पडद्याला आवाजच नव्हता.

पहिलंच लावलं त्यात एक हात येतो. खरा, माणसाचा, बाही दुमडलेला. तो टाकानं एक रेघ ओढतो. रेघ थरथरते, जरा वळवळते, आणि तिचा घोडा होतो. घोड्याला भूक लागलेली असते. कागदावर आजूबाजूला काहीच नाही. मग तो पायाखालची जमिनीची रेघच शेवयीसारखी ओढून खायला लागतो. सगळी खाऊन झाल्यावर त्याच्या ध्यानात येतं, आपण कशावरच उभे नाही. तो आपल्याकडं बघतो. मग पडतो.

त्या ‘आपल्याकडं बघतो’ ह्याच्यात सगळी मजा आहे. पोरं आधी टकामका बघत राहिली आणि घोड्यानं बघितल्याबरोबर सगळी एकदम खिदळली. आमची मदतनीस म्हणाली, “बाई, ह्याला तर आवाजच न्हाई.” म्हटलं, “न्हाई तेच बरं हाय.” खरंच बरं होतं. वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत कुणीच पोरांना काही शिकवत नव्हतं. घोडा नाही, मोबाईल नाही आणि मीही नाही. एका पोरीनं घोड्याला स्वतःचा आवाज दिला, दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी दिला. आणि रेघाही कशा, कुठं जाड, कुठं बारीक, काढणाऱ्याचा हात दमल्यासारख्या. हल्लीची कार्टूनं कशी चकचकीत असतात आणि एक मिनिट गप्प बसत नाहीत. ह्यांच्याकडं बघताना वाटायचं, कुणीतरी आपल्यासारखंच दिवसभर बसून, पाठ मोडून हे काढलंय, आणि काढताना एकटंच हसलंय.

संध्याकाळी मी ते भावाला दाखवलं. दाखवलं ते दाखवलं, वर सवयीनं हात सुरू केले. हा बघ घोडा, ह्याला भूक लागली, आता बघ काय करतो. भावानं एकदा मान बाजूला केली, दोनदा केली, आणि तिसऱ्यांदा माझे दोन्ही हात धरून माझ्या मांडीवर ठेवून दिले. गप्प बस. मला कुणी असं गप्प केलं नव्हतं. रागच आला आधी.

मग त्यानं मोबाईल घेतला आणि मागं तळहात लावला. मोटारीला लावतो तसा. ही त्याची जुनी खोड. टीव्हीच्या पेटीवरही तो असाच हात ठेवायचा. पेटी थरथरली म्हणजे कुणीतरी बोलतंय, आणि ते आपल्याला कळत नाही. मग माझा दंड हलवायचा. इथं काहीच थरथरत नव्हतं. त्यानं विचारलं, बिघडलाय? मी सांगितलं, स्पीकर बिघडलाय, पण ह्याला मुळातच आवाज नाही. त्यानं विचारलं, तुलाही नाही? म्हटलं, मलाही नाही. कुणालाच नाही? कुणालाच नाही. जेव्हा काढलं तेव्हाही लोक असंच बघायचे. त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मग हात सगळीकडं फिरवला. तेव्हा सगळेच बहिरे होते का?

मी इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. तो मात्र हसला नाही. एकोणसाठ वर्षांचा माणूस, डोळे मोठे करून मोबाईलकडं बघत होता. कधीतरी सगळं जग त्याच्यासारखं बसून, त्याच्याइतकंच समजून हसत होतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्यानं घोडा पुन्हा लावला. घोडा पडला तेव्हा तो हसला. त्याचं हसणं मोठं आहे, घशातून येतं, अनोळखी माणूस दचकतो. लहानपणी एका लग्नात सगळा मांडव वळून बघायला लागला, तेव्हापासून तो हसताना तोंडावर हात ठेवतो. त्या दिवशी दोन्ही हातांत मोबाईल होता, म्हणून तो तसाच हसला. मी कितीतरी वर्षांनी ते पूर्ण ऐकलं.

मग रोजचंच झालं. जेवण झालं की एक कार्टून. मला काही सांगावं लागत नव्हतं. उलट तोच मला कोपरानं ढोसायचा, बघ, आता हा मागं वळेल. आणि तो वळायचा. मी दिवसभराची दमलेली, शेजारी भिंतीला टेकून बसायचे आणि माझे हात मांडीवर पडलेले असायचे. त्यांना काही काम नाही हे सुख काय असतं ते मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मध्येमध्ये इंग्रजी अक्षरांची पाटी यायची. तो माझ्याकडं बघायचा. मला ती धड वाचता यायची नाही, मी खांदे उडवायचे. तोही उडवायचा. बरोबरीत असायचो आम्ही.

स्पीकर दुरुस्त करून आणला तेव्हा कळलं, ह्या कार्टूनांना कुणीतरी नंतर टिंगटिंग वाजणारा बाजा जोडलाय. भावाच्या तळहाताला ते लागलं. हे काय, म्हणून विचारलं. मी सांगितलं, मागून कुणीतरी घातलंय. त्यानं नाक मुरडलं आणि मला आवाज बंद करायला लावला.

आणि मग एके दिवशी ते कुत्र्याचं लागलं. एक टोपीवाला ठेंगू माणूस. समोरच्या खिडकीत एक बाई, हनुवटीवर काळा ठिपका असलेली. माणूस चिठ्ठी लिहितो, ती कुत्र्याच्या तोंडात देतो. कुत्रा रस्ता ओलांडतो, बाई वाचते, खूश होते, उलट चिठ्ठी लिहून देते. परत येताना कुत्रा इकडं बघतो, तिकडं बघतो आणि चिठ्ठी खाऊन टाकतो. मग माणसासमोर जाऊन मान आडवी हलवतो. माणसाच्या टोपीचे दोन्ही काठ खाली लोंबायला लागतात.

भावानं ते तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा कुत्र्यानं मान हलवली तिथं त्यानं थांबवलं, कुत्र्यावर बोट ठेवलं, आणि वेणी ओढल्याची खूण केली. कुत्रा म्हणजे मी. आणि हसला.

तो कशालाही माझं नाव देतो. कालच्या कार्टूनातली म्हैस मीच होते. पण माझ्या तोंडाचं पाणी पळालं. गंमत होती की काय होतं ते मला कळेना, आणि विचारायचा धीर होईना. पुढचे दहा-बारा दिवस मी झोपेचा, कामाचा, कशाचा तरी बहाणा करून कार्टून टाळलं. अंगणवाडीत पोरांवर उगाच खेकसले. असं किती दिवस चालणार होतं? मी त्रेपन्नची, तो साठीला आलेला. त्याच्या आधी मी गेले तर तो असंच समजून राहणार, की एका मुलीनं आपल्याला कानांपायी नाकारलं. म्हटलं, बास झालं आता.

रविवारी दुपारी त्याचा डबा घेऊन दुकानात गेले. लाईट गेलेली, गिऱ्हाईक नव्हतं. तो एका जळक्या मोटारीतली तांब्याची तार ओढून काढत बसला होता. मी समोरच्या लाकडी खोक्यावर बसले. वेणीची खूण केली. तोंडापासून हात वाकडा नेला, म्हणजे खोटं बोलले. मग हनुवटीवर बोट टेकवलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौतीस वर्षांत ती खूण मी केली नव्हती. मग मिशीला पीळ दिला, आबांनी सांगितलं म्हणून. ती हो म्हणाली होती. कानाचं मी जोडलं, तिनं तसं काही म्हटलं नव्हतं. मी एकच गोष्ट दोनदा सांगत होते.

त्यानं तार खाली ठेवली. हनुवटीवर तीनदा बोट टेकवलं. आणि मान डोलावली. पण त्याची नाही, तिची. आधी डोळे खाली, मग मान, मग शेवटाला जरासे डोळे वर. मी ती मान पार विसरून गेले होते. त्यानं ती जशीच्या तशी ठेवली होती. मग त्यानं मिशीला पीळ दिला आणि मान आडवी हलवली, म्हणजे नको म्हणाले ते आबा. मग वेणी ओढली आणि डोळ्यांखाली बोटं फिरवली. तू रडत होतीस.

म्हणजे त्याला माहीत होतं. फाट्यावर, तिथल्या तिथं कळलं होतं.

मला रडू यायच्या आधी रागच आला. मी हातांनी आणि तोंडानं, दोन्हीनं ओरडले, “मग बोलला कावून न्हाईस? इतकी वर्षं कावून न्हाई बोललास?”

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हात खांद्यावरून मागं झटकला. मागून सांगतो.

ती माझी खूण. त्यानं ती माझ्यावर कधी केली नव्हती. मी तिथंच बसून हमसून हमसून रडले. त्यानं जवळ पडलेलं ग्रीसचं फडकं माझ्यापुढं केलं, त्याचं त्यालाच ते घाण वाटलं, आणि परत घेतलं.

रडणं ओसरल्यावर मला चुलीजवळचं आठवलं. ते आत झालं होतं, बाहेर बसलेल्या भावाला दिसणं शक्यच नव्हतं. मला ते कधी सांगण्यासारखं वाटलंही नव्हतं. मी पुन्हा हनुवटीवर बोट टेकवलं. तिनं विचारलं होतं, तू हसलास की आवाज येतो का?

भाऊ पुढं सरकला. तू काय म्हणालीस?

म्हटलं, येतो. मोठा येतो.

आणि ती?

तिनं सांगितलं, बरं झालं. तिला गप्प घराची भीती वाटते.

तो कितीतरी वेळ माझ्या हातांकडं बघत राहिला, मी ते थांबवले होते तरी. हे त्याला माहीत नव्हतं. चौतीस वर्षं मी मोठं खोटं सांभाळत बसले, ते त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि त्याची म्हणून जी एक गोष्ट होती ती मी विसरून गेले होते. मग त्यानं हात पँटला पुसला, तळहात स्वतःच्या गळ्यावर ठेवला, मोटारीवर ठेवतो तसा, डोळे मिटले, आणि आवाज येतो का ते बघायला एकदा हसला.

आला. समोरच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली, एवढा मोठा आला. त्यानं तोंडावर हात नेला नाही.